शाळा बंद करणाऱ्या बाईंची मिळकत

मी, खाली सही करणारी, निवृत्त मुख्याध्यापिका, वय वर्षे एक्काहत्तर, अविवाहित, राहणार वडिलांनी बांधलेल्या घरी, माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंचे काय व्हावे ते आज लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. याबद्दल वस्तीत मध्यंतरी दुमत होते, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. ज्यांनी आणून पाहिले त्यांना ते जमले नाही. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रागाच्या भरात केलेले होते. ते मी रद्द करते.

कलम पहिले. राहते घर, वरच्या खोलीसह व मागच्या अंगणासह, माझ्या धाकट्या बहिणीला मिळावे. आधीच्या मृत्युपत्रात ते एका लांबच्या चुलतभावाला दिले होते, केवळ धाकटीला मिळू नये म्हणून. चुलतभावाला याचा पत्ता नव्हता, त्यामुळे त्याचे काही बिघडत नाही.

मत का बदलले, हे मी लिहिले नाही तर मागाहून कोणीही काहीही जोडेल. म्हणून लिहिते.

आमचे वडील सुतार. वस्तीतल्या प्राथमिक शाळेचे छप्पर त्यांनी घातले. त्याच छपराखाली आम्ही दोघी शिकलो आणि पुढे तिथेच शिकवू लागलो. धाकटी पहिलीला, मी आधी चौथीला व नंतर मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवर. माझ्या शेवटच्या काही वर्षांत पहिलीच्या वर्गाची मागची भिंत पोट काढू लागली. तड्यात आधी पट्टी जाई, मग डस्टर जाऊ लागले. मी वर अर्ज केले. माणसे आली, तडा बुजवून गेली आणि वरून गुलाबी रंग देऊन गेली. पुढे एका सुट्टीच्या दिवशी गिलाव्याचा मोठा पोपडा पहिल्या बाकावर पडला. बाक मोडला. दुसऱ्या दिवशी तिथे मुले बसायची होती.

मी फाटकाला कुलूप लावले आणि ही इमारत पुन्हा उघडू नये असे वर कळवले. पट कमी आहे म्हणून त्यांना शाळा बंद करायचीच होती. मी भिंत मागितली होती, त्यांनी शाळा बंद करून इमारत पाडण्याचा हुकूम दिला. खरे सांगायचे तर तो हुकूम हातात आला तेव्हा मला हायसे वाटले.

वस्तीला वाटले नाही. माजी विद्यार्थी संघाच्या अध्यक्षांनी, ज्यांना सगळे ‘माईकवाले’ म्हणतात, मी जागा बिल्डरच्या घशात घातली असे व्यासपीठावरून सांगितले. शेजारच्या खुर्चीवर माझी बहीण बसली होती.

त्या दिवशी घरी आल्यावर ती म्हणाली, “बाबांच्या हातचं छप्पर आहे ते, ताई. परक्या कुणाचं पाडलं असतंस तर मी तोंड उघडलं नसतं.”

मी म्हटले, “भिंत पडेल गं.”

“पडायची असती तर आजवर पडली असती. तुला कंटाळा आलाय शाळेचा, तो भिंतीवर ढकलू नकोस.”

ती वरच्या खोलीत राहायला गेली. घर एक, चुली दोन झाल्या. जिन्यात समोरासमोर आलो की एकीने भिंतीकडे पाहायचे, एकीने पायऱ्यांकडे. हे सहन झाले असते. पण प्रकरण कोर्टात गेले, पाडकाम रखडले आणि धाकटी जवळच्या किल्लीने रोज दुपारी आपल्या वर्गात जाऊन बसू लागली. झाडायची, फळा पुसायची, त्या भिंतीला खुर्ची टेकवून वाचत बसायची. मी दोनदा कुलूप बदलून घेतले; माईकवाल्यांनी दोन्ही वेळा तिला नवी किल्ली आणून दिली. जरा वारा सुटला की मला घास गिळवत नसे. ती जिन्यावरून वर गेल्याचा आवाज आला की जीव भांड्यात पडे.

शेवटी कोर्टाने परवानगी दिली आणि पाडकामाचे यंत्र आले. धाकटी कुंपणाला धरून उभी होती, मी रस्त्याच्या अलीकडे. यंत्र पुढच्या पायऱ्या उखडत होते. मागच्या भिंतीला कोणी हातही लावला नव्हता. ती आपली आपण खाली बसली, दमलेले माणूस बसते तशी. फारसा आवाजही झाला नाही.

धूळ खाली आली तेव्हा छप्पर जागच्या जागी होते. यंत्र चालवणारा उतरून म्हणाला, “हे काम कुणी केलंय? खालची भिंत गेली, तरी वरचं लाकूड हललं नाही.”

धाकटी रस्ता ओलांडून माझ्याकडे आली.

“माझी खुर्ची तिथेच होती,” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

“काल दुपारी बसले होते मी.”

“तेही माहीत आहे.”

तिने माझ्या पदरावरची धूळ झटकली. मग म्हणाली, “ताई, जेवलीस का?”

मी जेवले नव्हते. आम्ही घरी आलो, तिने खालच्या ओट्यावर पिठलं-भात केला, आणि मी संध्याकाळपर्यंत गाढ झोपले. अशी झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती. घर तिचे.

कलम दुसरे. वडिलांची हत्यारांची पेटी, रंधे व पटाशांसह, भाचीला. ती नाटकांचे नेपथ्य करते, हातोडी तिला नवी नाही. छपराच्या ज्या तुळया कंत्राटदाराने सरळपणे आमच्या हवाली केल्या, त्याही तिच्याच. तिने त्यांचे काहीही करावे, मात्र शोभेची वस्तू करून भिंतीवर टांगू नये.

कलम तिसरे. बँकेतील ठेव मोडू नये. शाळा बंद झाल्याने कोणाचेच नुकसान झाले नाही असे मी म्हणत नाही. नवी शाळा मोठ्या रस्त्यापलीकडे आहे. इस्त्रीवाल्या बाईंची मुलगी त्या रस्त्याच्या भीतीने घरी बसली होती. मी रोज हात धरून तिला पलीकडे नेऊ लागले, तेव्हा ती पुन्हा जाऊ लागली. मग आणखी मुले माझा पदर धरू लागली. आता माझे गुडघे बोलतात, म्हणून इस्त्रीवाल्या बाईच सकाळ-दुपार शिट्टी घेऊन चौकात उभ्या राहतात. ठेवीचे व्याज त्यांच्या पगाराला जावे. वाहनवाल्यांशी त्या ज्या भाषेत बोलतात, त्याबद्दल कोणी तक्रार करू नये.

कलम चौथे. बाकावर पडलेला गिलाव्याचा पोपडा माळ्यावर जुन्या चादरीत बांधून ठेवला आहे. तो माईकवाल्यांना द्यावा. त्यांनी तो एकदा स्वतः उचलून पाहावा, एवढीच अट. दुसऱ्या कोणाला उचलायला सांगू नये. माझा त्यांच्यावरचा राग या कलमाने संपला.

कलम पाचवे. माझ्या नावाने कसलेही पारितोषिक, फलक किंवा बाकडे नको. शोकसभा घेतल्यास माईक नको.

अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. त्या माझ्या चौथीच्या वर्गात होत्या व तेव्हाही दुसऱ्याचे भांडण मिटवल्याशिवाय घरी जात नसत.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, मोठ्याने वाचून पाहिला आणि मला तो पटला. कोणाला पटला नाही, तर त्यांनी आपले मृत्युपत्र आपल्या मनासारखे करावे.

ठिकाण: राहते घर, खालची खोली
दिनांक: ९ एप्रिल
सही: (मुख्याध्यापिका, निवृत्त)

साक्षीदार १: सही (शेजारचे शिंपी)
साक्षीदार २: सही (औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाई)

तळटीप. धाकटीला साक्षीदार म्हणून सही करायची होती. ज्याला घर मिळते त्याची साक्ष चालत नाही, असे वकीलबाईंनी समजावले. “मग मी नुसती बसते,” असे ती म्हणाली. हे लिहीपर्यंत ती माझ्या शेजारी बसलेली आहे.