अकरा पैशांनी कमी

मी, नरहरी श्यामकांत उमाळकर, वय ७६, राहणार तात्यापारा, रायपूर, कोणाच्याही दबावाखाली न येता, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवतो. साखर वाढली आहे, डोकं फिरलेलं नाही.

१. उरला औद्योगिक वसाहतीतला कारखाना आणि तात्यापाऱ्यातलं घर माझ्या स्वकष्टाचं. एकतीस वर्षं तोफगोळ्यांच्या पिना बनवून सरकारी कारखान्याला दिल्या. टेंडरमध्ये सरकारला स्पर्धा पाहिजे, म्हणजे निदान तीन दर. इथं दुसरा पिनवाला नव्हता, म्हणून स्पर्धा घरातच केली. एक पाकीट माझं, एक मुलगा भार्गवचं, एक पत्नी विनोदिनीचं. त्या दोघांचे दर मीच सांगायचो, माझ्याहून जास्त. मुलगी राधिका लेथवर. गुन्हा म्हणा हवं तर.

२. २०१९ साली भार्गवनं माझा दर पाहून आपल्या पाकिटात पिनेमागं अकरा पैसे कमी लिहिले. ऑर्डर त्याला. परवडेना, तेव्हा हलकं पोलाद लावलं. अख्खा माल परत आला आणि चौकशीत तिन्ही पाकिटांवर एकच पत्ता निघाला. तिघंही काळ्या यादीत. आता ते काम मोठ्या खासगी कंपन्या करतात. त्या नालायकाला मी घराबाहेर काढलं.

"चुकला, पण पोट्टा आपलाच आहे. घरात घ्या ना त्याले," विनोदिनी सहा वर्षं हेच म्हणून राहिली आहे.

३. मागच्या दिवाळीत भार्गव, राधिका आणि विनोदिनी, तिघांकडून बंद पाकिटं मागवली. माझ्यामागं काय पाहिजे ते लिहा, सर्वांत कमी मागणारा जिंकेल. भार्गवनं लिहिलं, एक रुपया. मोठा शहाणा! त्याला वाटलं, जिंकणाऱ्याला सगळं मिळतं. राधिकानं लिहिलं, "लेथ मले द्या, बाकी तुमची मर्जी."

भार्गव जिंकला. टेंडर जिंकणाऱ्याला त्यानं लिहिलेला दरच मिळतो. सबब, भार्गवला रोख एक रुपया. कारखाना, लेथ, घर राधिकाला. विनोदिनीनं हयातभर त्याच घरात राहावं. भार्गवनं उंबरठा ओलांडला, तर घर विकून पैसे पुरानी बस्तीतल्या देवळाला द्यावेत. मला अग्नीही राधिकाच देईल.

४. राहिलं विनोदिनीचं पाकीट. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं स्वतःच्या मनानं लिहिलं: "मले माझा पोट्टा पाहिजे."

अटींत बसत नाही. बाद.

साक्षीदार, दोघांनी माझ्यासमक्ष सह्या केल्या:
१. शरच्चंद्र बोंद्रे, ब्राह्मणपारा
२. सुनीती बोंद्रे, ब्राह्मणपारा

विनोदिनीनं पेन हातात घेतलं नाही. तिची सही लागतही नाही.

रायपूर, ४ मार्च २०२६
(सही) नरहरी श्यामकांत उमाळकर