एक पायरी बादली, एक पायरी मी

१९ मार्च १९७३, सोमवार

पायाच्या कॅलिपरचा पट्टा उन्हाने ताठ झालाय, उजवी मांडी सोलली. खोबरेल लावून बसलेय.

खोलीत येऊन आठवडा झाला. साखर पेठेतली ही वरची खोली अपंगांच्या वर्गाच्या बाईंनी आम्हा मुलींसाठी भाड्याने धरलीय. महिनाभर दोघी-दोघींनी इथे राहायचं, वर्गात शिकलं ते सगळं प्रत्येकीने आपल्या हाताने करायचं. स्वयंपाक, बाजार, धुणं. बाहेरच्या माणसाची मदत घ्यायची नाही. 'मुली' म्हणतात आम्हाला. मी एकोणतीस पुरी केली.

जोडीला नरसम्मा. (यापुढे नुसतं न., लिहायला लांब पडतं.) विणकराच्या घरची, तेलुगू बोलणारी, जन्मापासून दिसत नाही. आल्या दिवशी भिंतीवरून हात फिरवत तिने सगळी खोली पाहून घेतली, तेव्हा माझी ट्रंकसुद्धा उघडून झाली नव्हती.

आमचं मस्त जमलंय. नळ खाली गल्लीत. पाणी न. आणते, स्टोव्ह मी पेटवते. तिला पाय आहेत, मला डोळे. भांडण नाही, तंटा नाही.

२२ मार्च, गुरुवार

नवी पेठेत एकटी जाऊन आले. काम बाईंनी दिलेलं, स्टोव्हच्या वाती आणि पांढरा दोरा. बसमध्ये कंडक्टरने दंडाला धरून वर ओढलं. विचारायची पद्धत नाही. दुकानात गर्दी. माझा नंबर आला तर दुकानदार माझ्या डोक्यावरून मागे बघतोय. बरोबर कोण आहे, म्हणे. म्हटलं, पिशवी आहे. मागच्या बाया हसल्या, तो काही हसला नाही. वाती मात्र चांगल्या निघाल्या.

आतून घाबरले होते. इथे लिहायला हरकत नाही, तिथे दाखवलं नाही.

२४ मार्च, शनिवार

चोरी पकडली गेली. बाई न सांगता आल्या. न. दोन घागरी घेऊन जिना चढत होती, मी स्टोव्हपुढे बसलेली. बाई दारातच उभ्या राहिल्या.

"ही सोय झाली, वत्सला. शिकणं नाही झालं. उद्या हिला ताप आला तर तू पाण्याविना बसणार?"

मी गप्प बसेन तर ना. म्हटलं, घरोघरी हेच चालतं की. नवरा कमावतो, बायको रांधते, त्यांना कोण नापास करतं? बाई म्हणाल्या, त्यांना कामावर घ्यायला शेठ कचरत नाही.

शेठ म्हणजे चादरीच्या कारखान्याचे. त्यांच्याकडे दशांना, चादरीच्या टोकाच्या सुट्या दोऱ्यांना, गाठी मारायचं बसून करायचं काम आहे, दोघींनाही. पण गेल्या साली बाईंनी लावलेल्या मुलीला तिचा बाप रोज आणून सोडायचा आणि संध्याकाळपर्यंत फाटकाशी ठाण मांडायचा. तिला पाणी पाजायला आत, डबा उघडून द्यायला आत. शेठ वैतागले. आता म्हणतात, ह्या बाया आपलं आपण करतात असा तुमचा शब्द असेल तरच पाठवा. बाई शब्द देणार ते डोळ्यांनी बघून. ३ तारखेला सकाळी येतायत. न.ने एकटीने स्टोव्ह पेटवून भात करायचा. मी एकटीने पाणी आणायचं.

नाही जमलं तर गावी, सांगोल्याकडे, दादाच्या घरी. तिथे मला काही कमी नाही. तीच तर रड आहे.

२७ मार्च, मंगळवार

नळाला पहाटे तेवढं पाणी, करंगळीएवढी धार. कुबडी धरली की एकच हात उरतो, घागर जमतच नाही. वर्गात दाखवलेली रीत काढली. छोटी बादली निम्मी भरायची, कुबडी काखेत. आधी बादली वरच्या पायरीवर ठेवायची, मग कठडा धरून आपण चढायचं. परत बादली. एक पायरी बादली, एक पायरी मी. वर पोचेपर्यंत तळाशी राहिलं ते पाणी.

रांगेतल्या बाया 'बिचारी' म्हणतात आणि पुढे सोडतात. पुढे जायला बरं वाटतं आणि बरं वाटतं त्याचाच राग येतो.

न.चं बोट भाजलं. मी सांगत होते, डावीकडे, अगं डावीकडे. म्हणाली, "अक्का, तू बोलू नको. तू बोललीस की मला वात ऐकू येत नाही." गप्प बसले. पेटवला तिने. मी उगाचच चिडले होते.

३० मार्च, शुक्रवार

आज बादली निम्मी पोचली. मांडी पुन्हा सोलली, पण पोचली.

गावचा माणूस बाजाराला आला होता, त्याच्या तोंडी निरोप. दादा सोमवारी येतोय. वहिनीचे दिवस भरत आलेत, शिकणं पुरं झालं, आता घरी चल. 'न्यायला' येतोय म्हणाला, 'भेटायला' नव्हे.

दादावर रागावता येत नाही, हा मोठा घोटाळा आहे. सातवीपर्यंत त्याच्या पाठीवर बसून शाळेला गेले. मी शिकले आणि तो चौथीत राहिला, कारण मला सोडून त्याच्या शाळेला जाईपर्यंत घंटा होऊन जायची. असल्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं, की मला तुझ्या घरी नाही राहायचं?

२ एप्रिल, सोमवार

दादा आला. वाळलाय. खाली जिन्याशी उभी होते, तर मला बघून सवयीने पाठ करून वाकला. "बस."

म्हटलं, मी चढते. तो तसाच वाकलेला. मग उभा राहिला, कुठे बघावं त्याला कळेना. मी चढले, तो मागून दोन्ही हात पसरून, मी आता पडते की मग पडते.

बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणलीय. गावाकडचं सांगत बसला. आमची मेंढरं चुलत्याबरोबर लांब चारणीला गेलीत, विहिरीत गाळ, टँकर येईल त्या दिवशी पाणी. वहिनी पोटुशी, तरी हंडा घेऊन पळते. ऐकवत नव्हतं. मी सांगितलं, उद्या बाई बघायला येणार, पाणी माझं मी आणायचं, जमलं तर नोकरी.

"तुला का म्हून नोकरी? मी मेलोय व्हय?"

म्हटलं, तू जिता आहेस म्हणूनच आत्ता करून बघायची. तुझ्यामागे कुणाच्या पाठीवर बसू? उद्या बाई जाईपर्यंत वर यायचं नाही, हे दोनदा बजावलं. व्हय व्हय म्हणाला. मारुतीच्या देवळात झोपायला गेला.

३ एप्रिल, मंगळवार

गुडघ्याला फडकं बांधून लिहितेय, अक्षर येईल तसं येवो.

पहाटे दार उघडलं तर जिन्याच्या वरच्या तोंडाशी, रात्री दाराबाहेर ठेवलेल्या दोन्ही घागरी आणि माझी बादली, काठोकाठ. दादा मधल्या पायरीवर, घामाघूम. एवढा खूश मी त्याला किती दिवसांत पाहिला नव्हता. "भरून ठिवलंय सगळं. आता तू निस्ती बस. बाईला म्हनावं, मीच आनलं."

माझं डोकं फिरलं. तो मला खोटं बोलायला सांगतो याचा नाही आला राग. त्याला वाटत होतं, खोटं बोलणं मला जमेल, पाणी आणणं जमणार नाही. कुबडीनेच घागर ढकलली. मग दुसरी. मग बादली. सगळं पाणी जिन्यावरून खाली, दादाच्या वहाणांवरून.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"वच्छे, गावात टँकरच्या मागं बाया पळत्यात." मग ओल्या वहाणांकडे बघून, "तू पानी वतलंस."

एवढंच बोलला आणि ओल्या पायांनी निघून गेला.

नळ चालू होता तोवर खाली जायलाच हवं होतं. जिना सगळा निसरडा, माझ्याच कर्तुकीने. बसून, घसरत उतरले. बादली निम्मी भरली, चढायला लागले. मधल्या पायरीवर कुबडीचा रबर सटकला. गुडघ्यावर पडले, बादली गडगडत खाली गेली ती थेट बाईंच्या पायाशी. तेवढ्यातच आल्या होत्या. त्यांनी बादली उचलली नाही, मला हातही दिला नाही. वाईट वाटलं आणि बरंही.

परत उतरले. नळ थेंबांवर आलेला. मिळालं तेवढं घेऊन वर पोचले. न.चा भात कालच्या उरल्या पाण्यावर झाला होता, मोकळा, सुरेख.

बाईंनी विचारलं, जिना कुणी ओला केला? म्हटलं, मी. का? सांगितलं सगळं. बाई म्हणाल्या,

"नरसम्माचा शब्द देते मी. तुझं परत बघीन. कधी ते सांगणार नाही. पडलीस म्हणून नव्हे. रागाच्या भरात स्वतःचीच वाट निसरडी करणारी बाई एकटी कशी राहील, ते मला बघायचंय."

उलट उत्तर तोंडात आलं होतं. पण खरं बोलल्या.

५ एप्रिल, गुरुवार

दादाचा पत्ता नाही. देवळात नाही, स्टँडवर न.च्या भावाने बघितलं, तिथेही नाही. भाकऱ्या तशाच बांधलेल्या आहेत. त्या खाववत नाहीत आणि टाकवत नाहीत.

न. दोन दिवस घुश्शात होती, आज बोलली. "ओतायचंच होतं तर मला द्यायचं. मी न्हाले असते." खरंच की. खालच्या म्हातारीच्या पिंपात ओतता आलं असतं, गल्लीत कुणालाही देता आलं असतं. सुचलंच नाही. त्या क्षणी मला कुणाला द्यायचं नव्हतं, फेकायचंच होतं. वहिनी हंडा घेऊन पळताना डोळ्यांपुढे येते. लाज वाटते.

न. अजून एक म्हणाली. नोकरी लागली की आम्ही दोघींनी एकत्र राहायचं, असं तिच्या घरी ठरलंय. मी गावी गेले तर तिची आई तिला इथे एकटीला ठेवणार नाही. म्हणजे नोकरी मिळूनही तिची गेली. हे ती आजच का बोलली, आधी का नाही? म्हणाली, आधी बोलले असते तर तू आणखी चिडली असतीस.

रोज पहाटे वाटतं, आज बाई येतील. कुबडीचा रबर बदलून घेतला.

७ एप्रिल, शनिवार

नळाला गेले तर समोरच्या ओट्यावर दादा.

गावी गेलाच नव्हता. कुर्डुवाडीला आमच्या गावचा एक जण रेल्वेत आहे, त्याच्याकडे जाऊन राहिला होता. वहिनीला जाऊन काय सांगायचं ते ठरेना, म्हणाला. हे सगळं मागाहून कळलं. तेव्हा नुसता बसला होता, हात काखेत दाबून.

बाया पुढे सोडत होत्या, आज गेले नाही, रांगेतच थांबले. बादली निम्मी भरली. कुबडी काखेत. चढायला लागले. दादा बघतोय हे पाठीला कळत होतं. अर्ध्यावर बादली पायरीच्या कडेला बसली आणि कलंडायला लागली. मागून वहाणा वाजल्या, ओट्यावरून जिन्यापर्यंत. आता हा उचलणार. बादलीही आणि मलाही. मग वहाणा थांबल्या. मी मागे बघितलं नाही. बादली सावरली, थोडं सांडलं, वर पोचले.

खाली बराच वेळ काही आवाज नाही. वाटलं, गेला. मग जिन्याच्या तळातून,

"वच्छे, वर येऊ का?"

दादाने आजवर मला विचारून काही केलं नव्हतं. उचलताना विचारलं नाही, ठेवताना विचारलं नाही. त्याच्या घरात कुणी कुणाला कशाला विचारेल? न. हळूच म्हणाली, "विचारतोय तो. सांग की."

म्हटलं, ये.

आला. आत नाही, उंबऱ्याशीच बसला. पाणी मागितलं. मी फुलपात्र भरून दिलं. हातात धरून बघत राहिला.

"तू आनल्यालं?"

"व्हय."

घोटभर प्याला. उरलेलं परत माझ्या हातात दिलं. "ठेव. लागंल."

मला रडू आलं, ते त्याच्यासमोरच आलं. त्याने डोळे पुसायला हात पुढे केला नाही, दुसरीकडे बघत बसला. ओतल्याचं त्याने काढलं नाही. न्यायचंही काढलं नाही. मीही विचारलं नाही, विचारायचा धीर झाला नाही. त्याची एसटी दुपारची आहे. न.ने स्टोव्ह पेटवला, चहा ठेवला. जिन्यावर कुणाच्या चपला वाजल्या की तिघंही दाराकडे बघत होतो. अजून तरी बाई आल्या नाहीत.