गोड आवाजावर भरोसा

१४ जुलै
पाऊस थांबून थांबून. गवत कमरेएवढं झालं. ऊर्जानगरातून वासुदेव दोन ग्रास कटर टाकून गेला. तिथल्या बागेच्या ठेक्यावर गवत कापते तो. म्हणे, "वहिनी, चालू होते अन् रेस दिली का मरते." दोन्ही कार्बोरेटर खोलले. एकात मागच्या साली राह्यलेलं पेट्रोल सुकून चिकटा झालेला. दुसऱ्याचा फिल्टर राखेनं भरलेला. वीज केंद्राची राख इथी काय नवीन आहे? वाळत घातलेल्या लुगड्यावर पण बसते.
हे बाजेवरून पाहत होते. लकवा मारला तेव्हापासून उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आधी मशिनी हेच करत, मी नुसते पार्ट धुवायची. आता मी करते. कोणी कर म्हटलं नाई, तसंच सुरू झालं.

१५ जुलै
मशीन अंगणात आणली, यांच्या बाजेजवळ. कार्बोरेटरचा 'एल' पेच, हळू चालीचा, जमला. हळू चालते, बंद नाई पडत. 'एच' अवघड, तो पूर्ण रेसचा. उघडला तं धूर अन् बसका आवाज. आवळला तं आवाज बारीक, एकदम गोड. माणूस तिथंच फसते. ऑईल पेट्रोलमध्येच मिसळलेलं, पेट्रोल कमी गेलं का पिस्टन कोरडं पडून चिकटते. हे नेहमी म्हणत, "गोड आवाजावर भरोसा नाई ठेवायचा. गोड लागला का थोडा परत उघडायचा."
थोडा म्हणजे किती, ते मले कधीच कळलं नाई. मान वर करून यांच्याकडं पाह्यलं. डाव्या हाताचं बोट वर झालं.
पेच तिथंच ठेवला.

१६ जुलै
दुसऱ्या मशीनले पण तसंच. फिरवत गेली, पाह्यलं, बोट वर. वासुदेव न्यायले आला, त्यानंही पाह्यलं. "बाप्पा! भाऊच्या कानाले तोड नाई." मी चहा टाकला. आनंद व्हायले पाहिजे होता. झाला असन.

२० जुलै
धाकटे भाऊजी आले गोंडपिपरीहून. यांचा डावा हात दोन्ही हातात घट्ट धरून "दादा, दादा" करत बसले. हे छपराकडं पाहत.
मग चुलीजवळ येऊन म्हणे, "वहिनी, राग नका मानू. दादाले समजत असन तं इथीच ठेवू, दवाखाना जवळ हाये. समजत नसन तं गावाले नेऊ, तिथी आम्ही हाओ. तुम्ही एकट्या कुठवर उचलसान?"
म्हटलं, समजते.
"कशावरून?"
बोटाचं सांगितलं. चपला घालत म्हणाले, "पोळा झाला का येतो. तेव्हा ठरवू."
भेंड्या ठेवून गेले. कोवळ्या होत्या.

२८ जुलै
वासुदेवनं सगळीकडं बोंबलून ठेवलं का भाऊ बोटानं मशीन ट्यून करते. लोक येते अन् बाजेभोवती उभे राहते, जसा तमाशाच आहे. यांचं अंग पुसायचं असते तरी हालत नाई. आज ओरडली एकावर, "घरी काम नाई का रे तुले?" गेला.
यांच्या पाठीवर लाल झालं आहे. कूस बदलत राहणे.

६ ऑगस्ट
वासुदेव पहिली मशीन घेऊन आला. "जाम झाली, वहिनी." दोरी ओढून पाह्यली, हलत नाई. सिलिंडर काढला. पिस्टनवर उभे ओरखडे, कोरडं ठणठणीत. 'एच' जास्त आवळला होता.
"पेट्रोल खराब असन," म्हणे. चांगला माणूस आहे.
पेट्रोल खराब नव्हतं. त्या दिवशी आवाज लय गोड होता, मले आठवते. मले तेव्हाच कळलं होतं. पण बोट वर झालं. ज्या माणसानं जिंदगीभर एकच गोष्ट शिकवली, त्यानंच बोट वर केलं. मग मी कोण?

७ ऑगस्ट
दुसरी मशीन परत मागवली. ती पण तशीच आवळलेली. माझ्या अंदाजानं उघडली, थोडा धूर येईपर्यंत. मान खालीच ठेवली. तिरप्या नजरेनं पाह्यलं, हात चादरीवर पडलेला.

८ ऑगस्ट
आज मुद्दाम 'एच' पार उघडला. मशीन भसाभसा, खोकलत, अंगणभर निळा धूर. असा आवाज कोणी काढला तं हे घरातून ओरडत यायचे, "बंद कर ना बे ते!"
यांच्याकडं पाह्यलं. बोट वर.
मशीन बंद केली. रडू येईन वाटलं, नाई आलं. हात धुतले. पेट्रोलचा वास भाताले पण लागला. त्यांनी खाल्ला, मीही खाल्ला.

१२ ऑगस्ट
बाज आत घेतली. लोकाइले सांगते, हवा बाधते. मशिनी मीच करते आता. बरोबर चालून राह्यल्या. वासुदेव विचारते, "भाऊनं पाह्यली ना?" हो म्हणते.

पोळ्याचा दुसरा दिवस
भाऊजीचा फोन. उद्या येतो म्हणे, गाडी घेऊनच. गाडी कशाले, ते विचारलं नाई. समजलं.
दुपारी सुकट निवडत यांच्यापाशी बसली. मशीन नाई, काही नाई. सहज मान वर केली. बोट वर झालं. खाली घातली, बोट खाली. परत पाह्यलं, परत वर. उठून डोक्याच्या मागं उभी राह्यली, जिथून त्यांना मी दिसत नाई. हाक मारली. काही नाई. समोर आली. वर.
सुकट तशीच राह्यली.
कार्बोरेटरचं काही समजत नाई यांना. ते पक्कं. भाऊजी उद्या विचारतील, "समजते का?" तं काय सांगू? काय समजते?
ठरवलं आहे. बाज अंगणात काढीन. भाऊजीले समोर बसवीन, मी मागं उभी राहीन. भाऊजीनं पाह्यल्यावर पण बोट उठलं तं ते कोणालेही उठते. अन् नाई उठलं, मलेच पाहून उठते असं निघालं, तं मग मी यांना कुठी पाठवू? दोन्हीची भीती वाटून राह्यली. लय दिवसांनी काही वाटलं.
मागच्या वेळी भाऊजीनं तोच हात धरून ठेवला होता. उद्या धरू देणार नाई.