अर्ध्यावर राहिलेले सुंबरान

३ नोव्हेंबर १९८७
घोंगडी आजही ओसरीवर अंथरलेलीच. आई तिच्या कडेकडेने झाडते. दादांना, आमच्या वडिलांना, जाऊन तीन आठवडे झाले. पण ती घोंगडी त्यांची नव्हे, देवाची. धनगरी ओवीच्या आरंभी दादा सुंबरान मांडत, देवाला त्याच्या ठाण्यावरून घोंगडीवर बोलावीत, आणि ओवी संपली की परत पोचवीत. या वेळी पोचवणे राहिले.

५ नोव्हें.
कसे राहिले, ते एकदा नीट लिहून ठेवते.
माझा भाऊ धोंडू पुण्याला परदेशी विद्यार्थ्यांच्या खानावळीत वाढपी आहे. तिथल्या सॅम्युअल नावाच्या आफ्रिकन मुलाने त्याला एक कॅसेट दिली. दसऱ्याला धों. ती आणि उसना टेप घेऊन घरी आला. कॅसेटच्या एका बाजूला न्यूयॉर्कचे रॅप, दुसरी बाजू कोरी. रॅप हे गाणे नव्हे. ठेक्यावर झपाझप बोलणे. दादा कान देऊन ऐकत होते. म्हणाले, "ह्यो तर कथा सांगतुया. ह्याची ओवी कुटं हाय?" आपल्यात ओवी गायची, मग कथा बोलायची, पुन्हा ओवी. त्या माणसाने नुसती कथाच ठेवली होती.
मग कोऱ्या बाजूवर दादांनी सुंबरान मांडून ओवी म्हटली. कथा ऐन भरात असताना फीत संपून टेपचे बटण टक्कन उडाले. "दमली व्हय रं तुजी मशीन?" सगळे हसले. धों.ने फीत मागे नेऊन लावली. दादांनी जन्मात पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकला. तीनदा ऐकला. मग जेवणे झाली. ओवी पुरी करायची आठवण कुणालाच राहिली नाही. मलाही नाही.
नवव्या दिवशी दादा गेले.

९ नोव्हें.
शेजारच्या सखारामतात्यांच्या दोन मेंढ्या मेल्या. तात्या ओसरीखाली उभ्यानेच आईला म्हणाले, "वैनी, देव दारात बशिवलाय तुमी. त्यो तरी किती दिस बसंल?"
आईने विचारले, माणदेशातला कुणी गाणारा आणावा का?
"ती लोकं लांबवून म्हणत्यात. आपली मुळशीची चाल तोडून. ज्या चालीनं आला त्याच चालीनं जाईल. आन् मांडणाऱ्याच्या रक्ताचा पायजे."
धों.ला येत नाही. त्याने कधी मनावर घेतले नाही.
मला येते. सगळी. बायकांत, रिंगणाबाहेर बसून पाठ झाली आहे. हे कुणाला सांगितलेले नाही. बायका सुंबरान म्हणत नाहीत.

१५ नोव्हें., रविवार
धों. आला होता. सॅम्युअल त्याला सांगतो की रॅपही सगळीकडे एकसारखे नसते. न्यूयॉर्कात वस्तीवस्तीची ढब निराळी; अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावरचे लोक सैल बोलतात; आणि सॅ.च्या देशातली मुले आता आपल्या भाषेत शब्द जुळवू लागली आहेत, त्यांना घरचेच हसतात.
मग माझ्याकडे न पाहता धों. म्हणाला, "आन् तिकडं पोरीबी म्हणत्यात."
"मला कशाला सांगतोस?"
"शेरडांमागं पुटपुटतीस. मी काय भैरा हाय?"
पौडच्या वाचनालयातल्या इंग्रजी-मराठी शब्दकोशात रॅप पाहिले. अर्थ: दारावरची टकटक. पुस्तक मिटले.

१८ नोव्हें.
आई सरपणाला गेल्यावर धों.ने मागे ठेवलेला टेप लावला. बटण उडण्याआधी, अगदी शेवटी, काहीतरी ऐकू येते. पाच वेळा ऐकले तेव्हा कळले. पुढल्या ओळीसाठी दादांनी घेतलेला श्वास. श्वास फितीवर आहे, ओळ नाही.
अभ्यास होत नाही. वर्गात बाई निबंध वाचून दाखवा म्हणाल्या. उभी राहिले, श्वास घेतला, आणि तो कुणाचा, असे वाटून तशीच

२५ नोव्हें.
तात्यांची आणखी एक मेंढी. रोगाची साथ भूगावापर्यंत आहे, हे मला माहीत आहे. वर्तमानपत्रात आले होते. तरी मीही ओसरीच्या कडेनेच जाते.

२९ नोव्हें., रविवार
दुपारी धों.ने नवे सेल घालून टेप आईपुढे ठेवला. "आये, राहिल्यालं ही म्हणंल."
आई तांदूळ निवडत होती, तिने सूप बाजूला सारले. मग म्हणाली, "म्हण. दार लावू नगंस. जायला वाट पायजे."
दादांचा आवाज. कथा. श्वास. टक्. मी पुढची ओळ उचलली.
आवाज निघाला तो शाळेत कविता म्हणतात तसा. धों. मांडीवर ठेका धरून होता. "मास्तरीण झालीस व्हय? तोड, तोड." मग तोडत गेले, आणि ते आपोआप येऊ लागले, कुठून, ते मी पाहिले नाही. कथा संपून ओवी आली. ओळीच्या शेवटी झीलकऱ्यांनी सूर उचलायचा असतो. झीलकरी नव्हते. मी थांबले.
आईने झील दिली. तिला मी कधी गाताना ऐकलेले नाही.
दोघी मिळून पोचवणीपर्यंत आलो. तिथे तिने माझे मनगट धरले.
"आज हितंच ऱ्हाऊ दे."
"आये, चारच ओळी राहिल्यात."
"ठावं हाय मला. देव निघाला की तुजं दादाबी निघत्याल."
धों.चा ठेका थांबला. आई पुन्हा तांदूळ निवडायला बसली.
उद्या तात्या देव गेला का विचारायला येतील. त्यांना काय सांगायचे, हे आईने सांगितले नाही. मी घोंगडीच्या कडेकडेने झाडून घेतले.