शेगडीवर घेतलेला आळ

आई, काल पांढरा रस्सा फुटला. सुनेनं वाढदिवसाला मला इंडक्शन शेगडी आणली, आणि कोल्हापुरात नव्या शेगडीवर पहिलं काय शिजणार, मटणच. तू असतीस तर काचेला हात लावून म्हणाली असतीस, ही तर गार हाय की. खरंच, काच स्वतः तापत नाही. तापतं ते भांडं, काचेला लागते ती त्याची ऊब. बुडाला लोहचुंबक चिकटलं तरच ही शेगडी भांड्याला ओळखते. तुझं पितळेचं पातेलं ठेवलं तर नुसती टुंटुं करत राहिली, म्हणून स्टीलचं घेतलं. अळणीत, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्यात, नारळाचं दूध ओतलं, सगळ्यात कमी आकडा लावला आणि शेजारी गॅसवर भाकऱ्या करत बसले. झाकण काढलं तर वर पाणी आणि खाली चोथा.

मग मी नुसतं पाणी ठेवून तिच्यापुढं उभी राहिले. कमी आकड्यावर ही बया मंद होतच नाही. थोडा वेळ जोरात खदखदवते, मग गप्प बसते, पुन्हा खदखदवते. गॅसची ज्योत बारीक केली की बारीकच राहते आणि डोळ्यांना दिसते. तू तर लाकूड मागं ओढायचीस, पातेलं निखाऱ्यावर ठेवायचीस आणि त्याच निखाऱ्यांना भाकरी टेकवून फुगवायचीस. हे सगळं तुला कशाला सांगते, तर तुला घेऊन दिलेल्या गॅसच्या शेगडीसाठी.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी ती माहेरी कोडोलीला आणली. तू घाबरत घाबरत शिकलीस, चहा करायला लागलीस, धूर नाही म्हणून शेजारणींना दाखवायलाही लागलीस. पुढं दादाच्या सोयरिकीला मलकापूरचे पाहुणे आले, तेव्हा माझ्या भरवशावर तू रस्साही गॅसवर ठेवलास. दूध ओतलंय, उकळी येऊ दिऊ नको, असं मला बजावून तू पाणी घेऊन बाहेर गेलीस. मला घाई झाली होती. पानं मांडायची होती, साडी बदलायची होती. मी कॉक फिरवून ज्योत मोठी केली आणि आतल्या खोलीत गेले. तू परत आलीस तेव्हा रस्सा फुटला होता. माझ्या तोंडून निघून गेलं की गॅस आपोआप वाढला. तुला त्यात काही खोटं वाटलं नाही. लेकीनं आणलेल्या वस्तूवर लेकच कशाला आळ घेईल?

"ही शेगडी खोटी हाय," तू म्हणालीस. "चूल कशी, सांगून भडकती."

पाहुण्यांनी तांबड्या रस्स्यावर भागवलं, सोयरीकही जमली. शेगडी मात्र माझ्याच जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर गेली. तू पुन्हा फुंकणी हातात घेतलीस. मग ते लाल डोळे आणि तो खोकला. डॉक्टरांनी धूर बंद करायला सांगितलं, दादानं समजावलं, वहिनीनं समजावलं. प्रत्येकाला तू त्या रस्स्याची गोष्ट सांगायचीस आणि साक्षीला मलाच पुढं करायचीस. "हिला इचारा की." आणि मी म्हणायची, व्हय. मला स्वतःची लाज वाटायची, तरी पुढच्या खेपेला पुन्हा व्हय.

काल सुनेचं तोंड एवढंसं झालं. शेगडीच बिघडलेली दिसते, उद्या परत देते, असं म्हणत ती खोकं शोधायला लागली. मी तिला सांगितलं की शेगडीत काही खोट नाही, रस्सा तिच्या भरवशावर सोडून मी बसले ते चुकलं, पुढच्या वेळी पातेलं खाली उतरवून दूध ओतू. ती बरं म्हणाली आणि ताटं घ्यायला लागली. एवढंच असतं ते. एका वाक्याचं काम.

हे पत्र इंडक्शनच्या वॉरंटी कार्डाबरोबर खणात ठेवते, दुसरीकडं कुठं टाकणार? आई, गॅस वाढला नव्हता, मी वाढवला होता. तू चुलीपुढं खोकत होतीस, तेव्हाही मला ते माहीत होतं.