बाईसाहेबांच्या बागेचं फाटक

आई, परवा आपल्या फाटकापाशी गेले होते. लासूर स्टेशनच्या रस्त्यावरची बाईसाहेबांची मोसंबीची बाग आता राहिली नाही, बंगलाही पाडला. तिथं लग्नाचं लॉन झालंय. फाटक मात्र ठेवलंय. दोन्ही दगडी खांब तसेच आहेत, त्यांच्या माथ्यावरची दगडी कमळंसुद्धा. लोखंडी वेलींना आणि मोरांना सोनेरी रंग फासलाय, आणि फाटकाशेजारी आपली खोली होती तिथं जनरेटर धडधडतोय.

बाबा गेल्यावर फाटक राखायचं त्यांचं काम बाईसाहेबांनी तुला दिलं. पण उघडणार कुणासाठी? त्यांचे यजमान गेलेले, मुलं हैदराबादला, बागेकडं कुणी फिरकत नव्हतं. रस्त्यावर गाडी वाजली की तू चुलीपुढून मान वर करायचीस आणि गाडी पुढं निघून जायची. एक दिवस तू गोधड्या धुतल्यास आणि सरळ त्या मोरांवर वाळत घातल्यास. बाईसाहेब भर उन्हात चालत येतात. "हे फाटक आमच्या सासऱ्यांनी हौसेनं घडवून घेतलं, ते गोधड्या टाकायला?" तू डोक्यावर पदर घेतेस, पण आवाज खाली आणत नाहीस. "बाईसाहेब, इतक्या दिसांत कुणी आलं का? मोरबी कंटाळले असतील. निदान गोधड्या तरी वाळू द्या की." मला वाटलं, झालं, आता बिऱ्हाड उचलावं लागणार. बाईसाहेब खांबाला टेकून रिकाम्या रस्त्याकडं बघू लागल्या. मग म्हणाल्या, "चहा टाकतेस का?" त्या दिवशी त्या पहिल्यांदा आपल्या खोलीत पाटावर बसल्या. पुढं रोज दुपारी यायला लागल्या. तुम्ही दोघी फारसं बोलायचा नाहीत. न बोलता दोन बायका एवढा वेळ कशा बसू शकतात, हे मला तेव्हा कळायचं नाही.

आता बजाजनगरच्या फ्लॅटमध्ये कळतं. तुझ्यामागं तुझे जावईही गेले. तुझा नातू पुण्यात असतो, फोनवर जेवलीस का विचारतो, मी हो म्हणते. शेजारचं दार दिवसभर बंद. समोर गप्प बसायलासुद्धा कुणी नाही गं.

परवा फाटक सताड उघडं होतं आणि माणसांची रीघ लागली होती. अत्तर लावणारी पोरगी म्हणाली, "मावशी, उन्हात का उभ्या? या ना आत." मी गेले. पंगतीत शेजारच्या बाईनं विचारलं, "तुम्ही मुलाकडच्या का मुलीकडच्या?" मी म्हटलं, "फाटकाकडची." ती खळखळून हसली. "लई गमतीशीर हायेत तुम्ही! बसा, माझ्याजवळच बसा." तिनं आग्रहानं जिलबी वाढायला लावली, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, तिच्या सुनेची गाऱ्हाणी सांगितली. निघताना माझा हात धरून म्हणाली, "बारशालाबी या बरं का."

आई, मला त्या लग्नाचं आमंत्रण नव्हतं. नवरा-नवरीचं नावही ठाऊक नव्हतं. मुलाला मी फोनवर सांगितलं, मैत्रिणीच्या लेकीचं लग्न होतं. तो म्हणाला, "बरं झालं, तुझ्या ओळखी आहेत तिकडं." खरं काय ते तुलाच सांगतेय, कारण तुझ्याकडून ते कुठं जायचं नाही. येत्या रविवारी तिथं आणखी एक लग्न आहे, मी विचारून आलेय. साडी इस्त्रीला दिलीय.