तेवीस खुणा

कोल्टर्स फोर्क
सोमवार, १७ मार्च

प्रिय लॉर्ना,

गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस म्हटलं तरी तू चढणारच, म्हणून नुसतं विचारून ठेवते. मी बरी आहे. इथली थंडी ओसरली. चर्चमागच्या उतारावर पिवळी फुलं आलीत, पास्टरच्या कुत्र्याने त्यातली अर्धी उकरून टाकली.

शाळा सुटल्यावर पोरं सांभाळायचं आमचं केंद्र चालू आहे. पूर्वी तेवीस पोरं होती, आता चौदा येतात. तीन वाजता शाळेची बस थांबते, दप्तरं भिंतीवर आपटतात, आणि ‘मिस ओपल, आज खायला काय?’ हे चौदा वेळा ऐकावं लागतं. बिस्किटं आणि सफरचंद, दुसरं काय असणार. मी सांगते, ती नाकं मुरडतात आणि सगळं संपवतात.

तुझे दोन फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत. फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मग माझं सांगायचं राहून जातं.

आधी ताऱ्यांचं सांगते. राज्याचा परवाना नसेल तर केंद्र चालवताच येत नाही. त्याच्यावर मग दर्जाचे तारे, एक ते पाच. त्यासाठी एक बाई येऊन तीन तास कोपऱ्यात बसतात. पोरं किती वेळ हात धुतात, आपण खाली बसून त्यांच्याशी बोलतो की उभ्याने ओरडतो, सगळं टिपतात. झोपाळ्याखालचा लाकडाचा भुसासुद्धा पट्टी खुपसून मोजतात, पोर पडलं तर लागू नये म्हणून. आम्ही त्यांना ताऱ्यांच्या बाई म्हणतो. डेल्फीने एकदा मला विचारलं होतं, ‘त्या हसत का नाहीत?’ मी म्हटलं, ‘त्यांना परवानगी नाही.’ तर ती सात वर्षांची चिमुरडी जाऊन त्यांना म्हणाली, ‘तुम्ही हसा, मी कुणाला सांगणार नाही.’

दोन वर्षांपूर्वी आमचा पाचवा तारा गेला. कारण काय, तर यादीतले तीन रकाने कोरे होते. पोरं एका दारातून दुसऱ्या दारात गेली की प्रत्येक वेळी नाव वाचायचं, चेहरा बघायचा, खूण करायची आणि खाली मोजणाऱ्याने आपल्या नावाची दोन अक्षरं घालायची. मैदानावर जाताना एकदा, परतताना एकदा, जेवणघरात एकदा. पोरं सगळी जागेवर होती, रकाने तेवढे कोरे राहिले. आणि तारा गेला. मला ते फार लागलं होतं. तू हसली होतीस.

तुझ्या मेरीबेथबद्दल लिहायला बसले होते. आता पोरांना न्यायला लोक यायला लागलेत. उद्या लिहिते.

बुधवार, १९ मार्च

काल लिहिलं नाही. वेळ होता. पत्र समोर ठेवून बसले आणि मग कपाटातले खडू रंगाप्रमाणे लावले.

फेब्रुवारीत मी तुला फोनवर म्हणाले होते, की तुझ्या लेकीचं कामात लक्ष नव्हतं, मोबाइलमध्ये डोकं होतं, म्हणून डेल्फी मैदानावर राहिली. ते खोटं आहे. मेरीबेथचा मोबाइल माझ्याच खणात असायचा. कामावर येताना ती स्वतःहून तिथे ठेवायची.

झालं ते असं. तो तारा गेल्यापासून मी रोज बस आली, हजेरी झाली, की पुढच्या सगळ्या फेऱ्यांचे रकाने एका दमात भरून टाकायचे. खुणाही माझ्या आणि खालची अक्षरंही मीच घालायचे, मैदानाच्या फेऱ्यांना मेरीबेथची. कोरा रकाना राहायलाच नको. मेरीबेथ म्हणायची, ‘मावशी, हे बरं नाही.’ मी म्हणायचे, ‘तू पोरं मोज, कागद मी बघते.’ आणि ती खरंच मोजायची. तोंडाने, रोज.

अकरा फेब्रुवारीला ताऱ्यांच्या बाई आल्या होत्या. चार वाजता गारा मिसळलेला पाऊस सुरू झाला आणि पोरं दाराशी एकमेकांवर कोसळली. मेरीबेथने यादी घेतली, तर तेवीसच्या तेवीस खुणा आधीच केलेल्या. एरवी तिने तरीही नावं वाचली असती. पण बाई शेजारी उभ्या होत्या. भरलेल्या यादीवर पुन्हा मोजायला लागलो तर काय दिसेल, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. तिने मला विचारलं, ‘मिस ओपल, मोजून झाली?’

मी म्हटलं, ‘झाली. आत घे.’

डेल्फी मैदानावरच्या निळ्या बोगद्यात लपली होती. पन्नास मिनिटांनी बाई भुसा मोजायला पट्टी घेऊन बाहेर गेल्या, त्यांना ती सापडली. मोजे भिजलेले, ओठ निळे. तिला अंगठ्याने इशारा करता येत होता, बोलता येत नव्हतं. दवाखान्यात दोन दिवस ठेवली. पायाची बोटं वाचली. ती आता आमच्याकडे येत नाही, आणि तिची आई दुकानात दिसली की दुसऱ्या रांगेत वळते.

दुसऱ्या दिवशी परवाना खात्याचे मिस्टर स्टिडम आले. भला माणूस आहे. यादी टेबलावर ठेवून त्यांनी मेरीबेथला विचारलं, ‘ही अक्षरं तुमची?’ तिने माझ्याकडे बघितलं. मी नळाकडे बघितलं, तो ठिबकत होता. मग ती म्हणाली, ‘हो.’

पोरांकडे दुर्लक्ष केलं असा शेरा तिच्या नावावर गेला. तो राज्याच्या नोंदीत राहतो. आता तिला कुठलीही शाळा घेणार नाही, शिक्षिका होण्याचा तिचा अभ्यासक्रमही थांबला. त्या शेऱ्याविरुद्ध तक्रार करायची मुदत या शुक्रवारी संपते, आणि तिने तक्रार केलेली नाही. तू तिला फोनवर काय काय बोललीस ते मला ठाऊक आहे, तूच मला सांगितलंस. मी ऐकून घेतलं आणि ‘जाऊ दे गं’ म्हटलं.

तुला वाटेल मी रडले असेन, झोप उडाली असेल. तसं काही नाही. मी जेवते, झोपते, बिस्किटं मोजून देते. हात बधिर झाला की चिमटा काढून बघतो, तसं मी अधूनमधून डेल्फीचे ओठ आठवून बघते. काही होत नाही. याचीच मला भीती वाटते.

आज सकाळी मेरीबेथकडे गेले. तिने दार उघडलं, आत ये म्हणाली नाही. मी उभ्याउभ्याच म्हटलं, ‘तू माझ्यासाठी खोटं बोललीस. केंद्र वाचावं म्हणून. मी आज स्टिडमना खरं सांगणार आहे.’

ती म्हणाली, ‘मी हो म्हणाले ते तुझ्यासाठी नाही.’

‘मग?’

‘मला वाटलं, मी हो म्हटलं की तू लगेच नाही म्हणशील. मी थांबले होते, मावशी. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, तारीख लिहिली, तेवढा वेळ थांबले होते.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘मग पाच आठवडे थांबले.’

तिने दार लावलं. आपटलं नाही, नुसतं लावलं.

तिथून मी स्टिडमकडे गेले आणि सगळं लिहून दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. शेरा तिच्या नावावरून निघेल, म्हणाले. ती चूक होती, पण ती तिची नव्हती असं लिहिता येईल. केंद्राचा परवाना जाईल. मला यापुढे पोरांजवळ काम करता येणार नाही. ‘एकोणीस वर्षं ना?’ त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. सोमवारपासून चौदा पोरं बसमधून कुठे उतरतील ते अजून ठरायचंय, पास्टर बघतो म्हणालेत.

लॉर्ना, मला फोन करू नकोस. तिला कर. तिने तुला काहीच सांगितलं नाही, कारण ते मी सांगावं असं तिला वाटत होतं. तिची माफी तू माग. तुला मागता येईल. मी आज दारात उभी होते आणि मला तेवढं सोडून सगळं बोलता आलं.

‘तुझी’ लिहायला आज हात उचलत नाही,
ओपल